काठ्या तुमच्याकडे

सुडाचा पहिला खर्डा. पहिल्या चढावर, ऊन असताना.

दार ढकलून आत शिरायचं. पाहुणे जेवायला बसलेले असतील. तंबूचं ओलं कापड टेबलावर आपटायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, साडूभाऊ, तुम्ही मला त्या दिवशी

साखळी उतरली.

मास्तर खाली उतरले, साखळी दात्यावर चढवली, हात गवताला पुसले. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना गवत लागलं की नाही, ते त्यांना कळलं नाही. ती बोटं असून नसल्यासारखी. मास्तर धंद्यानं टेलर. टेलरची हीच दोन बोटं गेली म्हणजे काय गेलं, हे त्यांच्या बायकोला विचारा. दुकान उघडण्याआधी ती रोज सकाळी डझनभर सुया ओवून उशीत टोचून ठेवते. गिऱ्हाइकाला वाटतं, मास्तरांचा डोळा गेला. मास्तर वाटू देतात.

निघताना ती एवढंच म्हणाली होती, की बहिणीचं घर आहे, काचा फोडू नका.

सुडाचा दुसरा खर्डा. घाटात, धुकं उतरलेलं.

आरडाओरडा नको. शांतपणे बसायचं. पाणी मागायचं. मग सगळ्यांना सुरुवातीपासून सांगायचं, की

आपणच सांगू. मास्तरांना पुढचं चाकसुद्धा दिसेनासं झालं होतं, आणि तोंड उघडलं की गार हवा दातांना झोंबत होती.

काही वर्षांपूर्वी हे दोन साडू सायकलींवरून याच खिंडीकडे निघाले. मास्तर थोरले, दुसरा धाकटा. धाकट्याचं तेव्हा सायकलींचं दुकान होतं आणि जीभ दुकानापेक्षा मोठी. तंबू मास्तरांनी स्वतः शिवलेला. सायकलवर लांब जाणारे दोघं असले की तंबू एकाच्या पिशवीत कधी जात नाही. एकानं कापड घ्यायचं, दुसऱ्यानं काठ्या. पायथ्याशी वाटणी झाली. धाकटा म्हणाला, "ओझं अर्धं अर्धं, तंबू दोघांचा." कापड मास्तरांकडे आलं.

खिंडीखाली गारा सुरू झाल्या. मास्तर दमले होते. धाकट्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही थांबा, मी पुढे जाऊन आडोसा बघतो."

आडोसा त्याला खिंडीपलीकडच्या गावात सापडला. तिथे त्यानं गरम पाण्यानं अंघोळ केली आणि सायकल डोक्यावर धरून फोटो काढून घेतला. काठ्यांविना तंबू म्हणजे ओली चादर. ती अंगाला गुंडाळून मास्तर उजाडेपर्यंत एका दगडाला चिकटून बसले. बोटांची जाणीव तिथेच राहिली.

घरी मास्तर पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती: मास्तर घाबरून मागे फिरले. मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं तेव्हा सासरे म्हणाले, दोन्ही घरांत माझ्याच मुली आहेत, आता या विषयावर पडदा टाका. टाकला. धाकट्यानं खिंडीपलीकडे सायकलवाल्यांसाठी लॉज काढलं आणि दारावर तो फोटो लावला. खाली पाटी: एकट्यानं पार केलेली खिंड.

त्यानंतर सगळे मास्तरांना सांगत, कापड चांगलं आहे, नव्या काठ्या घ्या. मास्तर म्हणत, "काठ्या आहेत की. दुसरीकडे आहेत."

सुडाचा तिसरा खर्डा. खिंडीखाली.

गारा.

याला खर्डा म्हणत नाहीत, पण मास्तरांच्या डोक्यात तेवढंच होतं. तोच उतार, तोच दगड, आभाळानं जणू जुनं माप जपून ठेवलं होतं. यावेळी त्यांनी सायकल उलटी केली, चाकांवरून कापड ओढलं, दोरीनं चार दगडांना बांधलं आणि आत उकिडवे बसले. वर गारांचा ताशा वाजत होता. भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा राग उबदार असतो. गारा थांबल्या तसे ते उठले आणि शेवटचा चढ सायकल ढकलत चढले. वर कोणी नव्हतं. टाळी वाजवायला नाही, फोटो काढायला नाही. मास्तरांनी नाक शिंकरलं आणि उतार धरला.

चौथा खर्डा नाही. उतारावर ब्रेक दाबायचे असतात.

लॉजवर पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती आणि पाऊस पुन्हा लागला होता. जेवणघरात आठ-दहा सायकलवाले वाफाळती वाडगी धरून बसले होते. धाकट्यानं मास्तरांना पाहिलं, क्षणभर गडबडला आणि लगेच सावरला.

"अहो मास्तर! फोन करायचात, गाडी पाठवली असती."

मग त्यानं पाहुण्यांना ओळख करून दिली. हे आमचे साडू, मागे माझ्याबरोबर निघाले होते, पण खिंडीनं त्यांना अर्ध्यातूनच घरी धाडलं. पाहुणे हसले. वाईट मनानं नव्हे. यजमान हसला की पाहुण्यालाही हसावं लागतं. मेहुणी आतून गरम वाडगं घेऊन आली आणि मास्तरांकडे न बघता ते ठेवून गेली.

मास्तर बोलायला गेले, तर थंडीनं आवाज बसलेला. तिन्ही खर्डे घशात. इतक्या चढांचं फळ म्हणजे एक खरखर. लाज वाटून त्यांनी मान वर केली, आणि त्यांची नजर खिडकीवर गेली.

टेलरची नजर पडद्याला आधी भिडते. कापड बरं होतं, दुमड वाकडी होती, आणि पडदा मधोमध पोक काढून लोंबत होता. पडद्याची दांडी अशी वाकत नाही. वाकते ती तंबूची काठी. टोकाला लाल इलॅस्टिक डोकावत होतं. काठ्यांच्या पोटातली दोरी तुटली तेव्हा मास्तरांनी दुकानातलं पायजम्याचं इलॅस्टिक ओवलं होतं.

मास्तर खुर्ची घेऊन खिडकीशी गेले, वर चढले. पडदा उतरवला, नीट घडी करून टेबलावर ठेवला. मग दुसऱ्या खिडकीचा.

"अहो, हे काय करताय?" धाकट्यानं विचारलं.

मास्तरांनी काठ्यांचे सांधे घट्ट बसवले, पिशवीतून कापड काढलं आणि तिथेच, टेबलांच्या मधल्या जागेत, काठी शिवणीत सरकवली. ती सुईत दोरा जावा तशी गेली. वाडगी खाली ठेवली गेली.

नाक उन्हानं सोललेली एक बाई कोपऱ्यात बसली होती. कित्येक देश सायकलवरून एकटीनं फिरलेली. तिनं कापडाकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं.

"तंबू यांचा," ती धाकट्याला म्हणाली. "मग काठ्या तुमच्याकडे कशा?"

दुसऱ्या कोणत्याही जेवणघरात हा प्रश्न साधा ठरला असता. इथे बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी कोणाबरोबर तरी कापड आणि काठ्या वाटून घेतल्या होत्या. धाकटा म्हणाला, की तेव्हा हवामान फार वाईट होतं. "हो ना," बाई म्हणाली. "म्हणूनच विचारते."

कोणी हसलं नाही. एकानं वळून दारावरच्या फोटोकडे पाहिलं, मग दुसऱ्यानं. एक चमचा वाडग्यात पडला, तो कोणी उचलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात मेहुणी उभी होती, आणि ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू एवढ्या वर्षांत तिलाही हा प्रश्न सुचला नव्हता.

मास्तर उभा तंबू उचलून बाहेर घेऊन गेले. त्यांनी तो नेमका खिडक्यांसमोर ठोकला. पडदे नव्हते, तेव्हा दिवाणखान्यात मांडावा तसा सगळ्यांना दिसत होता. पाऊस वाढला. मास्तर तंबूत शिरून पाठ टेकतात तोच छत्री घेऊन धाकटा आला. म्हणाला, आत चला, लोक बघतायत. सासऱ्यांच्या कानावर गेलं तर काय सांगू?

"सांगा, पडदा निघाला," मास्तर खरखरत्या आवाजात म्हणाले.

वाऱ्यानं छत्री उलटी झाली. पाणी धाकट्याच्या मानेवरून आत चाललं होतं.

"निदान जरा सरका. आत बसून बोलू. तंबू दोघांचा आहे ना?"

मास्तरांनी दाराचे बंद हातात घेतले.

"तुम्ही पुढे जाऊन आडोसा बघा," ते म्हणाले.

बधिर बोटांनी गाठ बसायला वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही. उघड्या खिडक्यांचा उजेड कापडावर पडला होता, आणि त्या उजेडात मोडक्या छत्रीची सावली बराच वेळ हलत उभी होती.