फिक्या गुलाबीपाशी थांबा

मित्रांनो, अंगावर पाचशे बारीक रेघा, पोटात पन्नास मिलिलिटरची जागा आणि वरच्या काठाचा उडालेला टवका, एवढ्यावरून मला कोणीही ओळखेल. सुरतेला गोडादऱ्याच्या एका हायस्कूलमधली मी जुनी ब्युरेट. लांब, सडसडीत काचेची नळी, खाली तोटी आणि तोटीखाली बारीक चोच. थेंब मोजून सोडणं हे माझं काम. मी गर्विष्ठ आहे असं शेजारच्या परीक्षानळ्या म्हणतात. म्हणोत बापड्या! त्यांच्या पोटात नेमकं किती आहे हे त्यांना कधी कोणी विचारतं का? मला विचारतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका काचकारखान्यात झाला. भट्टीजवळच्या कारागिराने मला ओढून सरळ केलं आणि दुसऱ्याने अंगावर रेघा कोरल्या. मग माझ्यात पाणी भरून, ते सोडून, त्याचं वजन करून बघितलं. पाचशेच्या पाचशे रेघा खऱ्या निघाल्या तेव्हा तो माणूस खूश झाला, आणि त्याच्यापेक्षा मी झाले. आम्ही बाराजणी गवतात गुंडाळून सुरतेला आलो. त्यातल्या दोघी वाटेतच फुटल्या. त्यांची आठवण अजून येते.

शाळेतली पहिली वर्षं माझी फार कौतुकाची गेली. "ही ब्युरेट खोटं बोलत नाही," असं जुने सर सांगायचे. खोटं बोलायची ती मुलं! कोणी माझ्या तोंडातलं नरसाळं काढायला विसरे, मग त्यातला एखादा थेंब मागाहून टपकन पडे आणि हिशेब चुकला की दोष मला. कोणी चोचीतला हवेचा बुडबुडा तसाच ठेवी. कोणी उंच स्टुलावर उभं राहून वरून वाचन घेई. अरे बाबांनो, पाण्याचा पृष्ठभाग माझ्या पोटात वाटीसारखा खोलगट होतो. त्या वाटीचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणा आणि मग आकडा वाचा. हे मी किती वेळा मनातल्या मनात ओरडले असेन!

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीआधी घात झाला. प्रॅक्टिकल संपलं, घंटा झाली आणि सगळे पळाले. माझ्या पोटात सोडियम हायड्रॉक्साइड तसंच राहिलं. हे द्रावण काचेच्या तोटीत मुरलं की तोटी घट्ट चिकटून बसते. तीन आठवड्यांनी शाळा उघडली तेव्हा ती कोणाच्याने हलेना. कपाटाच्या खालच्या खणात, मोडक्या स्टँडशेजारी माझी रवानगी झाली. वर नव्या ब्युरेट आल्या, प्लास्टिकच्या तोट्यांच्या. दोन वर्षं मी अंधारात बसून त्यांचं कौतुक ऐकलं. खरं सांगते, जळफळाट झाला.

यंदा बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेआधी उजळणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक नवी ब्युरेट पडून फुटली. आमचे प्रयोगशाळा सेवक लोटूभाऊ कपाट उपसू लागले. ते धुळ्याकडचे, तीस वर्षं सुरतेत राहिले तरी बोलणं घरचंच. मला उजेडात धरून म्हणाले, "हाई तं चांगली शे. नुसती तोटी अटकेल शे." त्यांनी माझी तोटी कोमट पाण्यात, थोडं व्हिनेगर घालून दिवसभर बुडवून ठेवली. संध्याकाळी हलक्या हाताने फिरवली. कर्र झालं आणि ती सुटली! तिला व्हॅसलिन चोळून त्यांनी मला स्टँडवर चढवलं. मी वाचा फुटावी तशी थेंब थेंब बोलू लागले.

ज्या टेबलावर मला उभं केलं तिथे मयुरी यायची. साडेसतरा वर्षांची, दोन वेण्या, बोटांना कायम शाई. तिचे वडील सुकदेव, तेही मूळचे धुळ्याकडचेच, इथल्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात काम करतात. मयुरीला बी.एस्सी. करून हजीऱ्याच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करायचं होतं. बाकी सगळं तिला तोंडपाठ. पिवळी ज्योत सोडियमची, विटकरी कॅल्शियमची, हिरवी-निळी तांब्याची, असं ती शेजारच्या सागरला घडाघडा म्हणून दाखवायची. सागर म्हणायचा, "तू तो चलता-फिरता गाइड है." पण माझ्यापाशी आली की गाडी अडायची.

प्रयोग तसा सोपा. फ्लास्कमध्ये दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. माझ्यातून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचं आणि फ्लास्क हलवत राहायचं. आम्ल आहे तोवर पाणी नितळ, बिनरंगी. आम्ल संपलं की पुढच्याच थेंबाला फिकट गुलाबी छटा येते आणि अर्धा मिनिट टिकते. तिथे थांबायचं. मयुरी थांबतच नसे! फिकट छटा आली तरी ती आणखी दोन थेंब, आणखी चार थेंब सोडायची. फ्लास्कमधलं पाणी पार नवरात्रीच्या चणियाचोळीसारखं गडद राणी रंगाचं झालं की समाधानाने तोटी बंद करायची. माझ्यावरचा आकडा एकदा दहा पॉइंट एक, एकदा दहा पॉइंट सहा.

केमिस्ट्रीचे योगराज सर रागावायचे. "मयुरी, पुन्हा तेच! फिकट म्हणजे फिकट. लक्ष कुठे असतं तुझं?" ती मान डोलवायची आणि दुसऱ्या फ्लास्कमध्ये परत राणी रंग. दोन आठवडे हेच. सरांना वाटलं पोरगी निष्काळजी आहे, पण मला माहीत होतं की तशी ती नाही. माझ्या तोटीवरचा हात इतका हळुवार असायचा. मग हा हात थांबत का नव्हता, ते काही मला कळेना.

ते एका दुपारी लोटूभाऊंनी विचारलं. मयुरी फ्लास्क धूत होती, डोळे भरलेले. ते म्हणाले, "पोरी, इतला रंग कसाले पाडस वं?"

मयुरी नाक ओढत म्हणाली, "काका, पप्पा म्हणतस, फिका रंग म्हंजे कच्चा रंग. धुवाले टाकं का उडी जास."

लोटूभाऊंनी कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसले. मीही हसले असते, पण काचेला ते परवडत नाही. लहानपणापासून पोरीने घरात ऐकलं होतं की फिकट शेड म्हणजे बिघडलेला माल, कपडा परत रंगवायला घालावा लागतो, वरून बोलणी बसतात. आणि आम्ही तिला सांगत होतो की फिकटपाशी थांब! तिचं डोकं समजत होतं, हाताला पटत नव्हतं.

लोटूभाऊ तडक सरांकडे गेले. शनिवारी शाळेत पालकांना बोलावलंच होतं. सुकदेवभाऊ दुसऱ्या पाळीला जाण्याआधी आले. इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडा निळ्या. दारातच चप्पल काढून म्हणाले, "नमस्ते सर. छोकरी काही गडबड करते का?"

"हुशार आहे हो, सुकदेवभाऊ," सर म्हणाले. "पण प्रॅक्टिकलला असंच केलं तर मार्क जातील, आणि तिला तर केमिस्ट्रीच घ्यायचीय. तुम्ही एकदा स्वतःच करून बघा."

मग काय विचारता! सुकदेवभाऊंनी माझी तोटी धरली. एका हाताने फ्लास्क गरगर फिरवत त्यांनी भराभर द्रावण सोडलं. फिकट गुलाबी आली कधी आणि गेली कधी, पत्ताच नाही. झगझगीत राणी रंग झाला तसे ते फ्लास्क उजेडात धरून अभिमानाने म्हणाले, "बघा सर, काय शेड आली! एकदम पक्की." मयुरीने तोंडावर ओढणी घेतली. सागर खाली बसून हसत होता.

"शेड झकास आहे," सर हसू दाबत म्हणाले, "आणि उत्तर साफ चुकलं. तुमच्याकडे रंग हाच माल. इथे रंग ही नुसती खूण आहे. आम्ल संपलं, एवढंच तो सांगतो. पुढे टाकाल ते सगळं फुकट, आणि माप खोटं."

सुकदेवभाऊंनी फ्लास्क खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मशीनवरचा लाल दिवा. पेटला की मशीन बंद करायची. तो अजून लाल व्हायची वाट बघत नाही कोणी."

"अगदी तसंच!"

"मग हे असं सांगा ना, सर! पंधरा दिवस पोरीला नुसतं चुकलं, चुकलं म्हणताय."

सर ओशाळले. "खरं आहे, भाऊ. माझंही चुकलं," असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, आणि मला ते सर फार आवडले. मयुरीने तिथल्या तिथे दुसरा फ्लास्क घेतला. फिकट छटा आली, तिची बोटं सवयीने पुढे सरकली. "बेटा, दिवा पेटला," मागून वडील म्हणाले. बोटं थांबली.

परीक्षेच्या दिवशी लोटूभाऊंनी मला चार नंबरच्या टेबलावर उभं केलं होतं. चिठ्ठीत मयुरीला नेमकं तेच टेबल आलं. बाहेरून आलेल्या परीक्षक कामरेजच्या बाजूच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मयुरीचे हात गार पडले होते, माझ्या काचेला ते कळत होतं. पण तिने एकही पायरी गाळली नाही. मला आधी पाण्याने, मग थोड्या द्रावणाने विसळलं. भरलं, तोटी सोडून चोचीतला बुडबुडा घालवला, नरसाळं काढून ठेवलं. वाकून, डोळा रेषेत आणून वाचन घेतलं. मला इतका आनंद झाला की थेंबही एकसारखे पडू लागले.

नऊ पॉइंट चारच्या रेघेच्या किंचित अलीकडे गुलाबी छटा उमटली आणि हलवताच विरली. मयुरीने ओठ चावला. तिने चोचीवर जेमतेम अर्धा थेंब येऊ दिला, तो फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवला आणि पाण्याने खाली ढकलला. छटा आली. इतकी फिकट, की आहे की नाही असा प्रश्न पडावा. ती मनात आकडे मोजत राहिली. शेजारून सागर कुजबुजला, "अरे, तेरा तो पानी जैसा है. थोडा और डाल." त्याच्या फ्लास्कमध्ये राणी रंग लखलखत होता. मयुरीचा हात तोटीपाशी गेला. मी श्वास रोखला. माझा श्वास म्हणजे चोचीवर लटकलेला एक थेंब, तो मी पडू दिला नाही. तीस झाले आणि तिने हात मागे घेतला. वाचन नऊ पॉइंट चार. पुन्हा केलं, पुन्हा नऊ पॉइंट चार. तिसऱ्यांदाही तेच.

परीक्षक टेबलापाशी आल्या. त्यांनी फ्लास्क बघितला, कपाळाला आठी घातली आणि यात रंग कुठे आहे, असं विचारलं. "आमां कलर क्यां छे, बेटा?"

मयुरीने जर्नलमधला कोरा कागद फ्लास्कखाली सरकवला. पांढऱ्यावर ती छटा नीट दिसली. आता बघा, असं ती म्हणाली. "हवे जुओ, बेन."

"तो क्यां सुधी नाखवानुं?" किती टाकायचं, कुठवर टाकायचं, हा त्यांचा प्रश्न.

"निशानी देखाय त्यां सुधी, बेन. कलर माटे नहीं."

खूण दिसेपर्यंतच, रंगासाठी नाही, हे ऐकताच बाईंची आठी गेली. त्यांनी फ्लास्क उचलून शेजारच्या टेबलांना दाखवला आणि म्हणाल्या, "जुओ, आटलोज." एवढाच. योगराज सरांनी सकाळी स्वतः प्रयोग करून आकडा काढून ठेवला होता. तो कागद त्यांनी बाईंना दाखवला तेव्हा मी मान लांब करून वाचला. नऊ पॉइंट चार!

शेवटची तुकडी बाहेर पडली तसे सुकदेवभाऊ दारात आले. "कुठाय? दाखव तुझी शेड." मयुरी धावत फ्लास्क घेऊन गेली आणि मध्येच थबकली. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून त्याचं आम्ल होतं, आणि तेवढंसं आम्लही ती नाजूक छटा पुसायला पुरतं. फ्लास्कमध्ये स्वच्छ पाणी होतं. तिचा चेहरा उतरला.

"होता, पप्पा. खरंच होता. अर्धा मिनिट टिकला."

सुकदेवभाऊंनी फ्लास्क खिडकीकडे धरला. उजवीकडून बघितला, डावीकडून बघितला. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बावीस वर्षं झाली मिलमध्ये. रंग बघितल्याशिवाय मी एकही कपडा पास केला नाही. आज पहिल्यांदा न बघता करतो. पास!"

मित्रांनो, मयुरी तेव्हा इतकी हसली की सगळी प्रयोगशाळा घुमली. तुमची परीक्षा आली म्हणजे शेजारी कोणी पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल, तर त्याला हसू नका. का चुकतं ते एकदा त्याला विचारा, लोटूभाऊंनी विचारलं तसं. आणि परीक्षा झाल्यावर कितीही आनंद झाला तरी पळत सुटण्याआधी मला दोनदा पाण्याने धुवा, तोटी उघडी ठेवा आणि उलटी टांगा. मयुरी नाचत होती, पण हे विसरली नाही.