हुंडा : निरंक

रविवारी सकाळी तात्यापारा या हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी मोहल्ल्यात, आपल्या घरी, वनमालाबाई वांगी चिरत बसल्या होत्या, आणि त्यांची मुलगी मंजिरी परातीशेजारीच वही पसरून आठ लाख रुपये कुठं ठेवायचे ते ठरवत होती. दुपारी तिच्या लग्नाच्या याद्या होत्या. दुसरी एखादी मुलगी असती तर आरशासमोरून हलली नसती.

"चार लाख मुदत ठेवीत. ते हलवायचे नाही," मंजिरी आईला सांगत होती. "दोन म्युच्युअल फंडात, पण महिन्या-महिन्याला थोडे थोडे. एक लाख अडीअडचणीले हाताशी. अन् शेवटचा एक शेअरमध्ये. बुडाला तरी जेवण गोड लागलं पाहिजे, तेवढाच."

"बुडाला तरी म्हणते वर! बुडवायचाच आहे तर लावते काहून?"

"आई, जिथं जास्त मिळते तिथं जास्त जाऊही शकते. आधी जाण्याचा विचार करायचा, मग येण्याचा."

वनमालाबाईंनी वांग्याचं देठ उडवलं. "आमच्या वेळी आम्ही फक्त हो म्हणत होतो बाई."

मंजिरी सत्तावीस वर्षांची. समता कॉलोनीतल्या एका दातांच्या दवाखान्यात हिशेब सांभाळत होती. तीन वर्षांपूर्वी पगारातून महिना दीड हजार गुंतवायला लागली, आणि पहिल्याच वर्षी बाजार असा आपटला की बाईसाहेब दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आल्या. पण हप्ता बंद केला नाही. पुढं वाचलं, चुकली, शिकली. म्हणून महिन्यापूर्वी वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले यशवंतराव, अभनपूरचा प्लॉट विकून आले आणि म्हणाले, "पोरी, तुले यातलं कळते. आठ लाख तुझ्या खात्यावर टाकले. कुठं लावायचे ते तूच पाह्य," तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. त्या घरात पैशाबाबत बाईमाणसाचं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी आपल्यावर विश्वास टाकला, याचा आनंद तिला लग्न ठरल्याच्या आनंदापेक्षा काकणभर जास्तच झाला होता.

नवरदेव शिशिर. त्याचे वडील अच्युतराव यांचं पंडरीच्या बाजारात कापडाचं ठोक दुकान. समाजाच्या मेळाव्यात हुंड्याविरुद्ध भाषण करावं तर त्यांनीच. ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांना पदर लागायचा. शिशिर लोकांचे पैसे घेऊन बाजारात ट्रेडिंग करायचा. पहिल्याच भेटीत त्यानं मंजिरीला सांगितलं होतं, "महीने का तीन परसेंट, पक्का."

"पक्का कसा? बाजारात पक्कं काही नसते."

"आप बहुत डरती हैं," म्हणून तो हसला होता.

मंजिरीनं घरी येऊन चौकशी केली. लोकांचे पैसे असे घेण्यासाठी जी नोंदणी लागते, ती शिशिरजवळ नव्हती. तिनं यशवंतरावांना ते स्पष्ट सांगितलं. "हव, हव, पाहू," ते म्हणाले. मग तिनं शिशिरलाही सांगितलं, की माझे पैसे मी वेगळे ठेवीन. त्यानं मान डोलावली. मुलगा बोलायला गोड होता, निर्व्यसनी होता, आणि स्वतःचे पैसे वेगळे असले की बाकीचं सांभाळता येईल असं तिला वाटलं. माणसाला वाटतं तसं.

दुपारी बैठकीत सतरंज्या अंथरल्या. याद्या म्हणजे दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, कोणी काय द्यायचं-घ्यायचं ते कागदावर लिहितात आणि सह्या करतात. अच्युतरावांनी पेन स्वतःच्या हातात घेतलं. मानपान दोन ओळींत आटोपला. मग त्यांनी 'हुंडा' असा शब्द लिहिला, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि पुढं ठसठशीत अक्षरात लिहिलं : निरंक.

टाळ्या पडल्या. कोणीतरी कागदाचा फोटो काढला. मंजिरीला खरंच भरून आलं.

तेवढ्यात यशवंतराव आणि शिशिर टॅबलेट घेऊन खिडकीशी बसलेले तिला दिसले. तिच्या बँक खात्याचा पासवर्ड बाबांना माहीत होता. कॉलेजात असताना त्यांनीच ते खातं उघडून दिलं होतं, आणि बापापासून काय लपवायचं म्हणून तिनं तो कधी बदललाच नव्हता. कालच त्यांनी कसलासा ओटीपी विचारला, तोही तिनं पोळ्या लाटता लाटता सांगून टाकला होता.

तिचा फोन वाजला.

"ओटीपी आला असन. सांग पोरी," यशवंतराव म्हणाले. सगळे हसतमुखानं तिच्याकडे पाहू लागले.

या वेळी तिनं संदेश वाचला. आठ लाख रुपये. घेणाऱ्याचं नाव शिशिर. कालचा ओटीपी त्याचंच खातं जोडायला होता, हे आता तिच्या लक्षात आलं.

"बाबा, हे काय आहे?"

"ते... त्याच्या धंद्यात लावून राहिलो आपण."

"कोण आपण?"

यशवंतराव जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "पाह्य, सगळेच असं करतात आता. हुंडा म्हटलं तर गुन्हा होते. तुझ्या खात्यातून गेले म्हणजे तूच लावले, तुझ्या मर्जीनं. बोलणी लग्न ठरलं तेव्हाच झाली होती. आता तमाशा नको करू."

म्हणजे ते पैसे तिचे कधी नव्हतेच. तिचं नाव तेवढं हवं होतं, कोणी विचारलं तर दाखवायला. महिनाभर ती वहीत आकडे मांडत बसली आणि बाबा शेजारी बसून माना डोलावत राहिले. मंजिरीला जे झालं त्याला राग म्हणणं कमी पडेल. आपल्याच घरात आपण मूर्ख ठरलो, याची तिला लाज वाटली.

"अगं, घरचे पैसे घरातच राहून राहिले," अच्युतराव समजावू लागले. "तुझं-माझं काय आता?"

"मग माझ्या खात्यात काहून नको? फायदा झाला तर कोणाचा, काका?"

"दोघांचा!"

"अन् बुडाले तर?"

"डूबेंगे क्यों?" शिशिर चिडला. "जल्दी बोलिए, ओटीपी एक्सपायर हो जाएगा।"

मंजिरी उठली. तिनं यादीचा कागद उचलला आणि अच्युतरावांपुढं ठेवला.

"इथं निरंक खोडा. आठ लाख लिहा अन् खाली सही करा. मग मी नंबर सांगते."

अच्युतरावांनी पेनाचं टोपण लावलं. यशवंतरावांनी हात जोडले, आणि ते लेकीपुढं नाही, अच्युतरावांपुढं जोडले. "लहान आहे, समजत नाही तिले. मी उद्या बँकेत जाऊन..."

"खातं माझं आहे," मंजिरी म्हणाली. "उद्याही माझंच राहीन."

ओटीपीची वेळ टळली. पाहुणे याद्यांवर सही न करता तसेच उठले, वनमालाबाईंची वांग्याची भाजी पातेल्यात तशीच राहिली.

घर रिकामं झाल्यावर यशवंतराव भिंतीला टेकून बसले. लोक काय म्हणतील, हे ते तीनदा म्हणाले. मग, लेकीला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "पोट्टा खराबच निघाला. माणूस ओळखायले चुकलो मी."

मंजिरी खात्याचा पासवर्ड बदलत होती. तो बदलून झाल्यावर तिनं मान वर केली. आता मात्र तिला रडू आवरलं नाही.

"शिशिरची मी चौकशी केली होती, बाबा. बाजाराची केली, फंडांची केली. तुमची करायचं माझ्या मनातही नाही आलं."

याला उत्तर तुमच्याजवळ असेल, तर पुढच्या याद्यांना बसण्याआधी ते आपल्या लेकीला सांगा.