तिच्या हातचं पाणी

"बस, बोल, हो ला हो कर," आफ्रियेने भावाला निघताना बजावलं. "पण त्या घरात घशाखाली काही उतरवू नकोस. एकदा वाचलास, दरवेळी वाचशील असं नाही."

अडोमाकोला बहिणीचं पटलं. त्याला कुणाचंही पटायचं, फक्त बायकोचं सोडून. नाताळात सेरवाने केलेलं पामफळांचं कालवण खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं. तेच कालवण सेरवाने खाल्लं, पोरीने खाल्लं, दोघी ठणठणीत. शहाण्या माणसाने दुपारी बाजारात खाल्लेल्या शिळ्या मटणावर संशय घेतला असता. याने घेतला बायकोवर. बरं, मनात ठेवावा, तर कुमासीच्या गॅरेजांच्या आळीत गिऱ्हाइकांना सांगत सुटला. सेरवाच्या कानावर आलं त्याच दिवशी ती पोरीला, आचियाला, घेऊन मांपाँगला, मामाच्या घरी निघून गेली.

आता घर खायला उठत होतं. दोघी परत हव्या होत्या त्याला, अगदी मनापासून. म्हणून त्याने ब्रेफोबाबांना मध्यस्थ घातलं. दोन्ही घराण्यांत या म्हाताऱ्याचा शब्द चालायचा. ते मांपाँगला जाऊन आले आणि म्हणाले, "सेरवाला कापडचोपड नको, माफी नको. तू नुसता ये."

"अट काय तिची?"

"अरे, काही नाही म्हणतोय ना."

इथेच पाल चुकचुकली. काहीच न मागणारी बाई म्हणजे फुकटात गिअरबॉक्स उघडून देणारा फिटर. अडोमाको स्वतः फिटर होता, असली माणसं त्याला ठाऊक होती.

मांपाँगच्या अंगणात खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मामा आणि ब्रेफोबाबा कशावर तरी हसत होते, त्याला पाहून थांबले. म्हातारा नक्की कुणाच्या बाजूचा? मामांच्या खुर्चीमागे स्टुलावर फडक्याखाली काहीतरी उभं झाकून ठेवलेलं होतं. ते काय?

आलेल्याला आधी पाणी, मग 'काय काम काढलंत' हा प्रश्न. पाणी प्यालं की माणूस स्वच्छ मनाने आला. नाकारलं की भांडायला आला. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पाणी आणते घरातली लहान मुलगी. आज मात्र सेरवा स्वतः पेला घेऊन आली.

पोर का नाही? हीच का? अडोमाकोने पेला उजेडाकडे धरून पाहिला. पाणी गार होतं, नितळ होतं. इतकं नितळ कसं, असंही त्याला वाटून गेलं.

"तहान नाही," तो म्हणाला. मानेवरून घाम ओघळत होता.

ब्रेफोबाबा खाकरले. "एक घोट घे रे बाबा. रीत म्हणून."

"वाटेत प्यालोय मी."

सेरवाने शांतपणे पेला परत घेतला. सगळ्यांसमोर त्यातलं अर्धं पाणी प्याली आणि हाक मारली, "आचिया, ये गं. तहान लागलीय ना?"

पोर धावत आली. तिने दोन्ही हातांनी पेला तोंडाला लावला, तोच अडोमाको ताडकन उठला.

"पिऊ नकोस!"

त्याचा हात पुढे झालेला होता, तो सगळ्यांनी पाहिला. आचिया गोंधळली, आईकडे पाहिलं तिने, आणि खरंच तहान लागली होती म्हणून घटाघटा पिऊन टाकलं.

"गार आहे, बाबा," ती म्हणाली.

ब्रेफोबाबांनी मान खाली घातली. "पाणी मी नेईन, एवढंच मागितलं होतं सेरवाने. तुला आधी सांगितलं असतं, तर तू सोंग म्हणून प्याला असतास."

मामांनी स्टुलावरचं फडकं काढलं. खाली जिनची बाटली होती. लग्न ठरवायला अडोमाकोने असलीच बाटली आणली होती, आणि 'घेऊ का गं?' असं मामांनी भाचीला तीनदा विचारलं होतं. तशी बाटली परत गेली की लग्न मोडलं.

"परत देऊ का गं?" मामांनी विचारलं.

"द्या."

"परत देऊ?"

"द्या, मामा."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सेरवाला रडू फुटलं. पण मान तिने हलवली ती होकाराचीच.

"सेरवा," अडोमाको घायकुतीला आला, "आण पाणी. आत्ता आण, पितो मी!"

तिने रिकामा पेला स्टुलावर पालथा घातला. "आचियाच्या बाबा, माझ्याच पोरीला माझ्यापासून वाचवायला उठलात तुम्ही. आता घरी जा, आफ्रियेताईंच्या हातचं प्या."

बाटली काखेत धरून तो रस्त्यावर आला. घशाला कोरड पडली होती. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईकडून त्याने पाण्याची पिशवी घेतली. उलटसुलट करून तिच्या चारी कडा तपासल्या, मगच कोपरा दातांनी फाडला.