ठिणगीबाबांचे चार प्लग

सत्त्याऐंशी सालच्या पोळ्यानंतर आदिलाबादकडच्या बेल्याच्या बाजारात जेवढी माणसं नसत, तेवढी ठिणगीबाबांच्या मांडवात दिसू लागली. बोथहून मोटारसायकली यायच्या, तलमडुगूहून पाणी उपसायची इंजिनं बैलगाडीत घालून आणली जायची. बाबा उंच पाटावर बसत. पुढ्यात तांब्याचं ताम्हन, हातात लोखंडी त्रिशूळ. ताम्हनात इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग आडवा ठेवायचा, बाबांनी डोळे मिटून त्याच्या डोक्याला त्रिशूळ टेकवायचा, आणि ना बॅटरी ना इंजिन, प्लगच्या तोंडाशी निळी ठिणगी तडतडायची! एरवी तहसीलदारालाही न जुमानणारे बाप्ये तिथं मान खाली घालून उभे राहत.

"जो पिलग बोलला तो तुझ्या गाडीचा," बाबा म्हणायचे. "मुका राह्यला तो फेकून दे. यंत्रालेही जीव असते, लेकरा. त्याची भूक मले कळते."

आणि गंमत बघा, बोलायचा तो नेहमी बाबांच्याच पेटीतला, विकायचा प्लग. लोकांनी घरून आणलेले सगळे जन्माचे मुके!

त्या गर्दीत डोमाजी उभा होता, गावातला एकुलता एक मोटार मेकॅनिक. त्याला गावातले बडे शेतकरी लक्ष्मणराव यांनी हाताला धरून आणलं होतं. लक्ष्मणरावांची फियाट साधी नव्हती. हैदराबादच्या एका शौकिनाने ती शर्यतीसाठी घडवून घेतली होती. हेड घासून इंजिनाचा दाब वाढवलेला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर. गावात कुणाला जास्त झालं की आदिलाबादच्या दवाखान्यात हीच गाडी धावायची, आणि तिची देखभाल डोमाजीकडे होती.

ठिणगी पडली तेव्हा डोमाजीला पाटाखालून बारीक 'टिक्' ऐकू आलं. इंजिनात ठिणगीची वीज जोडणारा-तोडणारा पॉइंट उघडताना असाच आवाज येतो. त्याला सगळा खेळ जागच्या जागी कळला. तो गालातल्या गालात हसला आणि गप्प बसला. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, असं त्याला वाटलं.

बाबांच्या पेटीतले चार प्लग लक्ष्मणरावांसाठी बोलले. घरी येऊन डोमाजीने ते निरखून पाहिले.

"मालक, हा गरम जातीचा पिलग हाय," तो म्हणाला. "साध्या, सुस्त इंजिनाले बरा, काजळी जाळून टाकते. पण आपली गाडी मुळातच तापट. तिले थंडा पिलग पाहिजे, उष्णता झटक्यात बाहेर टाकणारा. लंबा पल्ला मारला तर याचं टोक लाल होईल, पेट्रोल येळेच्या आधीच पेट घेईल अन् पिस्टनले भोक पडन."

"बाबाच्या हातात ठिणगी पडली ते तुले दिसलं नाही काय?"

"दिसलं, मालक."

"मंग बसव."

डोमाजीने ते बसवले. जुने चार प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवले. गावातल्या गावात काही होत नाही, दसरा झाला की गुपचूप बदलू, असं त्याने मनाशी ठरवलं.

खंडेनवमीला त्या भागात औत, कुऱ्हाड, शिवणयंत्र, पाना-पक्कड सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात आणि दसऱ्याला उठवेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. डोमाजीचा प्लगपानाही हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल घेऊन पाटावर होता. सकाळी दहाच्या सुमाराला त्याची लेक वनमाला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, कळा देता देता पांढरीफटक पडली. रक्त थांबेना. सुईण तुळजाबाई म्हणाली, "आता माह्या हातचं राह्यलं नाही. दवाखान्यात न्या."

लक्ष्मणराव स्वतः गाडी घेऊन धावत आले. माणूस मनाचा मोठा होता, ते नाकारून चालणार नाही. डोमाजी पाटाकडे धावला. चार प्लग बदलायचे, दहा मिनिटांचं काम. त्याने हात पुढे केला आणि त्याची बायको रेणुकाबाई किंचाळली, "पूजेतला पाना उचलू नका हो! आजच्या दिशी पोट्टीवर काऊन अपशकुन ओढवता?"

बाबांना हसणारा डोमाजी त्या एका शब्दाला भ्याला. त्याने हात मागे घेतला.

आदिलाबादच्या वाटेवर जैनथ ओलांडल्यावर बॉनेटखाली टकटक सुरू झाली. मग एक दणका, निळा धूर, आणि गाडी कापसाच्या शेताकडेला उभी राहिली. काय झालं ते डोमाजीला बॉनेट न उघडताच कळलं.

वनमालेचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. "बा," तिनं विचारलं, "गाडी काऊन थांबली?"

तिचं डोकं हलकेच बाजूला ठेवून तो रस्त्यावर उतरला. सणाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेवटी एक बैलगाडी मिळाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दीड तास आधी आणायला हवं होतं." बाळही राहिलं नाही.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी डोमाजी मांडवात गेला. गाडीतून काढलेले ते चार प्लग त्याने घासूनपुसून लखलखीत केले होते. एकेक करून ताम्हनात ठेवले.

"लक्ष्मणरावाच्या गाडीसाठी पाह्यजेत, महाराज."

बाबांनी डोळे मिटले, त्रिशूळ टेकवला. काहीच झालं नाही. "मुके हायेत. फेकून दे. पेटीतले घे."

"हेच चार पिलग त्याच गाडीसाठी तुमीच बोलते केले होते," डोमाजी शांतपणे म्हणाला, आणि बाबा सावरायच्या आत त्याने पाट एका कडेने उचलला.

खाली मोटारसायकलची बॅटरी होती, तिच्याशेजारी ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल. एक वायर पोकळ त्रिशुळातून वर गेलेली, दुसरी ताम्हनाला जोडलेली. बाबांच्या गुडघ्याखाली पॉइंट होता. गुडघा हलला की ठिणगी, नाही हलला की प्लग मुका. डोमाजीने त्रिशूळ प्लगला टेकवला, बोटाने पॉइंट दाबून सोडला आणि मुका म्हणून फेकायला सांगितलेला तो प्लग सगळ्यांसमोर तडतडला.

गर्दीतले लक्ष्मणराव पुढे येऊन वाकून पाटाखाली पाहू लागले. लोक बाबांच्या अंगावर धावले. डोमाजी मध्ये आला. त्याच्या हातात भोक पडलेला पिस्टन होता.

"मारू नका, पोलिसात द्या. त्यानं तुमाले फसवलं, पण मले तर ठाऊक होतं. मी दोनदा चुकलो. एकदा हसून गप्प राह्यलो अन् एकदा भिऊन हात मागं घेतला. डोळ्यानं दिसलं म्हणून खरं मानू नका बापा, पाट उचलून पाहा. ज्याले कळते त्यानं गप्प बसू नये. अन् जिवावर बेतलं तर पूजेतलाही पाना उचला. देव रागावत नाही. अन् रागावला तरी माही पोट्टी तर वाचली असती."

रेणुकाबाई मांडवात सगळ्यांत मागे उभी होती, पदर तोंडात धरून.

पुढच्या खंडेनवमीला तिनेच हत्यारं धुऊन पाटावर मांडली. कुंकू लावता लावता तिने प्लगपाना उचलला, कोरडा पुसला आणि डोमाजीच्या खिशात ठेवला.