तीनशे शेरांचा दगड

मी एक जुना दगड आहे. हसू नका मित्रांनो, मी सरकारी दगड आहे! चीनमधल्या खायफंगच्या मैदानावर योद्ध्यांची परीक्षा माझ्यावरच होत असे. माझ्या अंगावर 'तीनशे शेर' असे कोरलेले आहे. मला छातीपर्यंत उचलून माझा तळ परीक्षकांना दाखवायचा, आधी डावीकडून, मग उजवीकडून. तेव्हा कुठे नाव पुढच्या यादीत जाई.

माझा कोणावरच विश्वास नसे. शेजारच्या आवारात विद्वानांची परीक्षा होई. तिथे नकलेसाठी लपवलेली पोथीची पाने सापडतात म्हणून वाफवलेले पावसुद्धा फोडून बघत. मग आमचे पैलवान काय धुतल्या तांदळासारखे असणार? कोणाच्या तळव्याला राळ, कोणी भावाच्या नावावर आलेला. मी प्रत्येकाचे हात हुंगत असे.

त्या वर्षी कुओ दालू नावाचा नावाडी आला. ही त्याची तिसरी आणि शेवटची खेप होती. त्याने मला पाण्याच्या घागरीसारखे उचलले. मला संशय आला. परीक्षक त्सुई साहेबांनाही आला.

"काय रे, दगड बदललास का?"

"साहेब, दगड म्हणजे काय कांदा आहे, बाहीत लपवायला?"

शिपायांनी त्याला धरले. तराजू आणला. मी भरलो दोनशे चौऱ्याहत्तर!

"लबाड! खोडा याचं नाव!" साहेब गरजले.

म्हाताऱ्या निए कारकुनाने वाकून माझ्या कडा चाचपल्या. "साहेब, याचे कोपरे झिजलेत. पन्नास वर्षं पोरं आपटताहेत, तोललं कोणी?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले. वीस वर्षांपूर्वी त्सुई साहेबांनी मलाच उचलले होते. पुढे ते राजधानीत साऱ्या योद्ध्यांत पहिले आले होते, आणि त्या मानाची पाटी त्यांच्या दारावर होती.

"तराजूच खोटा असेल," साहेब घाईने म्हणाले. "जा रे, तू पास."

"नको साहेब. गावात लोक काय म्हणतील? पुरते तीनशे शेर आणा."

मग माझ्या अंगाला लोखंडी पट्ट्या बांधून वजन पुरे केले. दालूच्या मानेच्या शिरा फुगल्या, पाय थरथरले. पण त्याने माझा तळ दाखवला, डावीकडून आणि उजवीकडूनही. मला फार लाज वाटली आणि तितकाच आनंदही झाला.

आता मी तबेल्यामागे पडून आहे. मित्रांनो, ज्याने दुसऱ्याला मोजायचे, त्याला अधूनमधून तोलत जा. तो स्वतःहून सांगत नाही. मला सगळ्यांचा संशय आला, स्वतःचा कधी आला नाही.

त्या दिवशी त्सुई साहेबांनी दालूचे नाव सर्वांत वर लिहिले. मग जवळ येऊन हळूच विचारले, "फार जड आहे का रे?"

"उचलून बघा ना, साहेब."

साहेबांनी दोन्ही हात बाह्यांत घातले.