खालचा उजवा कोपरा

मी चिकटवहीच्या पानाचा आराखडा काढला की दुपारपर्यंत आमचं घर त्याप्रमाणे लागतं.

पहिला आराखडा साधा होता. डावीकडे एक उभी चौकट, उजवीकडे वर दोन लहान चौकोन. सकाळी पेन्सिलने काढला आणि टेबलावर ठेवला. जेवणाच्या सुमारास बैठकीची खोली उंच आणि अरुंद झाली, माझ्या सासूबाई उभ्या मावतील एवढीच. नवरा अरविंद आणि नणंद विशाखा माळ्यावरच्या दोन कप्प्यांत शेजारी शेजारी बसले होते.

"अगं, नाकाला खाज येतेय," अरविंद म्हणाला.

"आत्ता हलू नकोस."

तिघंही हळूहळू चपटी झाली. मी त्यांच्या मनगटांवर आणि घोट्यांवर गोंद लावलेल्या कापडी पट्ट्या ठेवल्या आणि अंगठ्याने दाबल्या. संध्याकाळी पान भरलेलं होतं आणि माणसं जेवायला आली. थोडी कोरडी झाली होती. विशाखा दोन तांबे पाणी प्यायली.

चिकटवही सासूबाईंसाठी होती. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ती कार्यालयाच्या दारात उभी करून ठेवायची, येणाऱ्यांनी पाहायची, असं ठरलं होतं. विशाखाने फोनवर तयार आराखडे शोधले होते.

"बघा वहिनी, नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत. आपण फक्त फोटो टाकायचे."

मी ते नीट पाहिले. एकातही खालचा उजवा कोपरा मोकळा नव्हता.

"मी माझे काढते," मी म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत मी एका महाविद्यालयातला वनस्पतिसंग्रह सांभाळत होते. वाळवलेल्या वनस्पती कागदावर लावायच्या, हे माझं काम. मूळ लांब असो की फांदी वाकडी, नमुना कागदावर देखणा बसला पाहिजे आणि खालचा उजवा कोपरा मोकळा राहिला पाहिजे. तिथे लेबल येतं: नाव, ठिकाण, तारीख, संग्राहक. पट्टी नीट बसली नाही तर पान उभं केल्याबरोबर नमुना गळून पडतो आणि मग तो कुठला होता ते कोणालाच सांगता येत नाही. मी लावलेली एकही पट्टी आजवर सुटलेली नाही. बाहेरून तपासायला आलेले लोक कडेला नख लावून बघत आणि मग माझ्याकडे बघत. मला त्याचा अभिमान आहे. तो मी कधी लपवला नाही. कोणी विचारलंही नाही.

पानं वाढत गेली. चौकट जेवढी काढावी तेवढ्या वयाच्या सासूबाई येत. बोटभर चौकटीत त्या परकर नेसून आल्या, गुडघा फुटलेला, आणि मला ओळख न दाखवता चिंच मागू लागल्या. लग्नाच्या पानाला माझा हात अंमळ सैल पडला. त्या लग्नातल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आल्या, पदर खोचलेला, कंटाळलेल्या. मी रेघ खोडून आत घेतली. मग त्या मुंडावळ्या बांधून आल्या आणि जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. ते पान फार चांगलं झालं. विशाखाने ते दोनदा पाहायला मागितलं.

आमच्या घराचा नकाशा समोर धरला तर स्वयंपाकघर खालच्या उजव्या कोपऱ्यात येतं. आग्नेयेला, शास्त्राप्रमाणे. लग्नाच्या पानानंतर तिथली शेगडी पांढरी झाली. मग ओटा. मग मिसळणाचा डबा ठेवलेली फळी. वस्तू मोडल्या नाहीत, त्यांच्या जागी कागद आला इतकंच. मी आत गेले की पावलांचा आवाज येत नसे. विजेची शेगडी मी बैठकीत आणली आणि चहा तिथेच होऊ लागला.

"स्वयंपाकघराचं काय झालं?" अरविंदने विचारलं.

"तिथे लेबल येणार आहे."

"बरं," तो म्हणाला आणि खानावळीत जेवणाचा डबा लावून आला.

शेवटचं पान राहिलं. सगळं कुटुंब एकत्र, असा माझा आराखडा होता. मोठी चौकट सासूबाईंची, तिच्या दोन बाजूंना मुलं, एक पानफुटीची फांदी वर झुकलेली. इतका तोललेला आराखडा मी पूर्वी काढला नव्हता. सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला.

"यात तू कुठे आहेस?"

"मी लावते, आई."

"आधीच्या पानांत?"

"तिथेही मी लावत होते."

"तेहतीस वर्षं या घरात आहेस आणि एका पानावर नाहीस. लोक विचारतील, सून गेली की काय."

"लेबलवर माझं नाव असतं. संग्राहक म्हणून."

"नाव काय, दारावरच्या पाटीवरही असतं." त्यांनी चष्मा काढला. "तू पानावर आल्याशिवाय मी उभी राहणार नाही. मग तुझं शेवटचं पान रिकामं गेलं तरी चालेल."

सासूबाई अडून बसल्या की बसल्या. विशाखा म्हणाली, "वहिनी, एक चौकट वाढवा ना. आईचं डोकं माहितीये तुम्हाला. माझ्या बारशालाही ती कोणाचं ऐकत नव्हती म्हणे."

मी मध्ये माझ्यासाठी चौकट काढली. दुपारी बैठकीच्या भिंतीत तेवढंच भोक पडलं आणि त्यातून शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसू लागले. मी त्यात उभी राहून पाहिलं. काहीच झालं नाही. मी जाडच राहिले. चौकट डावीकडे सरकवली तेव्हा भोक डावीकडे सरकलं.

समारंभाच्या आदल्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापलीकडे चारी बाजूंना पांढरा समास होता. दुधाची पिशवी त्याच्या पलीकडे ठेवलेली होती. हात पोचला नाही.

"पेन्सिल दे इकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना ठिपक्यांशिवाय काढता येत नाही. आधी त्यांनी रांगोळीला देतात तसे कागदभर ठिपके दिले. मग वर डावीकडे तीन चौकटी एकमेकींना चिकटून काढल्या, दाटीवाटीने, माझ्या मते फारच दाटीवाटीने. शेवटी त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यातले चार ठिपके जोडले.

"आई, तिथे लेबल येतं."

"मग ते हातात धर."

दुपारी ती तिघं आपापल्या जागी गेली आणि चपटी झाली. मी पट्ट्या लावल्या. सासूबाईंच्या मनगटावरची पट्टी मी सर्वांत जपून दाबली, त्यांची कातडी पातळ आहे. प्रत्येक कडेला नख लावून पाहिलं. सगळं पक्कं होतं. मग मी लेबल लिहिलं. नाव, ठिकाण, तारीख. संग्राहक या शब्दापुढे पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली.

स्वयंपाकघराभोवती पेन्सिलची रेघ आली होती. जरा थरथरती, पण बंद. मी ती ओलांडून आत उभी राहिले. चौकट माझ्या डोक्याला आणि टाचांना बरोबर लागली. आयुष्यभर मी सगळ्यांची मापं घेत आले. माझं कोणी घेऊन ठेवलं आहे हे मला माहीत नव्हतं.

आधी पाय चपटे झाले, मग गुडघे. दुखलं नाही. खांदे कागदाला टेकले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पट्ट्या बैठकीत टेबलावर राहिल्या आहेत.

त्याच वेळी घर उभं होऊ लागलं. सावकाश, कोणीतरी दोन्ही हातांनी जपून उचलावं तसं. चहाचे कप घरंगळत माझ्या बाजूने खाली गेले आणि समासाच्या पलीकडे दिसेनासे झाले. माझ्या टाचा रेघेवरून सुटल्या. मी लेबल छातीशी धरलं.

वर, डावीकडे, फट्ट असा आवाज झाला. मी तो यापूर्वी कधीच ऐकला नव्हता, तरी ओळखला. सासूबाईंच्या मनगटावरची पट्टी सुटली होती. धागा न तुटता, एका अंगाने, स्वच्छ. त्यांचा चपटा हात पानावरून तिरका खाली येत होता, अरविंदच्या आणि विशाखाच्या चौकटी ओलांडून, पूर्ण लांबीने. ती पट्टी त्यांच्या दोन बोटांत होती आणि तिची गोंदाची बाजू अजून ओली होती.

मी मनगट पुढे केलं.