दोन डाव्या बाह्या

दवाखान्याच्या बाकावर नणंदेने पर्सचा बंद बोटाला चौथ्यांदा गुंडाळला आणि सोडला. आत तिची वहिनी डॉक्टरीणबाईंसमोर शब्द आठवत बसली होती. पंधरा शब्द ऐकायचे आणि वीस मिनिटांनी परत सांगायचे. तिचं रक्त आधीच तपासून झालं होतं.

दोघी तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवत होत्या. नणंदेने कापायचं, वहिनीने शिवायचं, अडीनडीला अदलाबदल. परवा एका बाईंचा कोट जोडायला घेतला आणि पाहतात तर दोन्ही बाह्या डाव्या. नणंद तोंड उघडणार तोच वहिनीने गिऱ्हाइकाला फोन लावून चूक अंगावर घेतली. माझंच डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, म्हणाली. आणि नणंदेने चूक तिच्याच नावावर राहू दिली.

वर्षभर साधे साधे शब्द नणंदेच्या ओठांवर येऊन अडत होते. कात्रीलाही ती 'ते हे' म्हणायला लागली होती. हे कळलं तर कापायचं काम हातातून जाणार, ही तिला धास्ती. मग दुकानात बसून काय माशा मारायच्या?

वहिनी हसतच बाहेर आली. बारा शब्द आठवले म्हणे. पाळी गेल्यावर हार्मोन उतरतात, तसे तिचेही उतरले होते. त्या काळात बऱ्याच जणींचे शब्द अडतात आणि पुष्कळदा पुढे सुधारतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ते ऐकून नणंदेला इतकं हायसं वाटलं, की तिला राहवेना.

"वहिनी, त्या बाह्या मी कापल्या होत्या."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"वन्सं, बाह्यांवर खुणा निळ्या खडूच्या होत्या. दुकानात तो तुमच्याशिवाय कोण वापरतं?"

नणंद आधी ओशाळली, मग चिडली. मग हे रक्त देण्याचं नाटक कशाला, असं तिने विचारलं. माझेही शब्द अडतातच की, आणि एकट्या तुम्ही जन्मात इथे आला नसता, असं वहिनीने सांगितलं. दोघींना एकदमच हसू फुटलं. बाकावरच्या बायका वळून पाहू लागल्या.

तेवढ्यात दार उघडून नर्सने पुढचं नाव पुकारलं. ते नणंदेचं होतं; वहिनीनेच ते आधी देऊन ठेवलं होतं.

वहिनीने तिची पर्स आपल्याकडे घेतली.

"बारा शब्द सांगून ठेवू का?"

"खबरदार. माझे मी आठवेन," नणंद म्हणाली आणि केस सारखे करून आत गेली.